गोठलेली माती कोरडी का दिसते?

मातीत पाणी किती आहे हे ठरवण्याची सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत विश्वासाची रीत अगदी साधी आहे. शेतातली थोडी माती घट्ट झाकणाच्या डबीत घ्यायची, तिचे वजन करायचे, १०५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत ती चोवीस तास ठेवायची आणि पुन्हा वजन करायचे. जेवढे वजन घटले तेवढे पाणी. भातकापणीनंतर त्याच जमिनीत कुळीथ किंवा वाल पेरणारा कोकणातला शेतकरी एवढेही करत नाही, तो ढेकूळ हातात दाबून वाफसा ओळखतो आणि सहसा चुकत नाही. मात्र एकाच जागेची नोंद दर पंधरा मिनिटांनी, तीही वर्षभर हवी असेल, तर भट्टी आणि हात दोन्ही निरुपयोगी ठरतात आणि जमिनीत पुरून ठेवता येणारे इलेक्ट्रॉनिक सेन्सर लागतात. हे सेन्सर दापोलीच्या मातीत निमूटपणे काम करतात. लडाखमध्ये किंवा तिबेटच्या पठारावर मात्र हिवाळा सुरू होताच ते माती झपाट्याने कोरडी पडल्याचे सांगू लागतात, प्रत्यक्षात तिच्यातले पाणी जागचे हललेले नसले तरी.

याचे कारण सेन्सर पाणी थेट मोजत नाही, यात आहे. त्याच्या धातूच्या काड्यांमधून विद्युतचुंबकीय स्पंद मातीत जातो आणि त्याचा वेग मातीच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकावर, म्हणजे पदार्थ विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देतो हे सांगणाऱ्या आकड्यावर, अवलंबून असतो. हा स्थिरांक हवेसाठी १, कोरड्या खनिज कणांसाठी साधारण ३ ते ५ आणि द्रव पाण्यासाठी जवळजवळ ८० असतो. हा फरक एवढा मोठा आहे की मातीत थोडे पाणी वाढले तरी स्पंद लक्षणीय मंदावतो. स्थिरांकावरून ओलावा काढण्याचे टॉप, डेव्हिस आणि अनान यांनी १९८० मध्ये मांडलेले सूत्र आजही वापरले जाते. बर्फाचा स्थिरांक मात्र जेमतेम ३ आहे. बर्फात पाण्याचे रेणू स्फटिकाच्या चौकटीत जखडलेले असल्यामुळे बदलत्या विद्युतक्षेत्राबरोबर त्यांना चटकन वळता येत नाही, आणि म्हणून सेन्सरच्या दृष्टीने बर्फ आणि दगड यांत भेद उरत नाही. सेन्सर खोटे बोलत नाही, तो फक्त द्रव पाण्याचा हिशेब देतो. म्हणूनच थंड प्रदेशात ओलाव्याच्या आकड्याशेजारी त्याच खोलीवरचे, त्याच क्षणीचे तापमान नसेल, तर तो आकडा वाचताच येत नाही.

तापमानाची नोंदही सरळ नसते. शरद ऋतूत पाऱ्याची घसरण चालू असताना ओल्या मातीचे तापमान शून्य अंशाजवळ येऊन थबकते आणि कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, तिथेच रेंगाळते. कारण पाणी गोठताना अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न बदलता सुटणारी उष्णता, बाहेर पडतो, दर किलोग्रॅममागे ३३४ किलोज्यूल. वरच्या २० सेंटिमीटर थरात आकारमानाने ३० टक्के पाणी असेल, तर एका चौरस मीटरखाली ६० लिटर पाणी झाले. ते सगळे गोठायला सुमारे २० मेगाज्यूल उष्णता जमिनीतून निघून जावी लागते. घरच्या मीटरच्या भाषेत ही साडेपाच युनिट वीज झाली. वसंतात तेवढीच उष्णता परत मोजून द्यावी लागते, आणि ती दिल्याशिवाय जमीन तापत नाही. ओली जमीन उशिरा गोठते आणि उशिरा तापते ती यामुळे.

शून्याखाली सगळे पाणी गोठते असेही नाही. चिकण मातीच्या सूक्ष्म कणांना चिकटलेला पाण्याचा पातळ थर शून्याखाली काही अंशांपर्यंत द्रवच राहतो. शिवाय पाणी गोठताना क्षार बर्फात शिरत नाहीत. ते उरलेल्या द्रवात साठतात आणि त्याचा गोठणबिंदू आणखी खाली ओढतात. आपल्या खाडीकाठच्या खारजमिनीत स्वस्त सेन्सर क्षारांमुळे ओलावा जास्त दाखवतात, ही अडचण परिचयाची आहे; उंचावर तीच अडचण थंडीच्या वेशात भेटते.

प्रत्यक्ष बसवणीत कष्ट फार. खड्डा खणून त्याच्या भिंतीत ५, १०, २०, ४० सेंटिमीटर खोलीवर सेन्सर आडवे खुपसतात आणि माती ज्या क्रमाने काढली त्याच क्रमाने परत दाबून भरतात, कारण काडीला लागून हवेची फट राहिली तर ओलावा कमी दिसतो. कातळावर खणणाऱ्याला हे काम किती चिवट आहे हे सांगायला नको. पुढे गोठण्या-वितळण्याच्या चक्रात जमीन फुगते आणि सेन्सर जागचे सरकतात, उंदीरवर्गीय प्राणी तारा कुरतडतात, कडाक्याच्या थंडीत बॅटरीची क्षमता घटते.

एवढा खटाटोप हजारो किलोमीटर दूर कशासाठी, याचे उत्तर कोकणाच्या आभाळात आहे. भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख एच. एफ. ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये हिमालयातला जास्त बर्फ आणि भारतातला कमी पाऊस यांचा संबंध मांडला. बर्फ सूर्यप्रकाश परावर्तित करतो, वितळताना उष्णता खातो आणि मागे ओली जमीन ठेवतो. तिच्यावर पडणारी बरीचशी ऊर्जा मग बाष्पीभवनात खर्च होते, जमीन कमी तापते आणि मोसमी वाऱ्यांना खेचणारी तिची ओढ कमी पडते. हा संबंध दरवर्षी सारखा टिकत नाही. २०१० मध्ये बूस आणि कुआंग या शास्त्रज्ञांनी तर मोसमी पावसासाठी पठाराच्या तापण्यापेक्षा उत्तरेची थंड, कोरडी हवा अडवणारी हिमालयाची भिंत महत्त्वाची असल्याचे दाखवले, आणि वाद अजून मिटलेला नाही. माझ्या मते तो केवळ संगणकीय प्रारूपांवर मिटणारही नाही. जमिनीने किती उष्णता गिळली याच्या प्रत्यक्ष नोंदी लागतील.

उपग्रह हे काम वरून करतात, पण अर्धेच. २००९ मधील युरोपचा स्मॉस आणि २०१५ मधील नासाचा स्मॅप हे सुमारे २१ सेंटिमीटर तरंगलांबीचे, जमिनीतून निघणारे क्षीण प्रारण टिपतात. ओली जमीन ते कमी सोडते, गोठलेली जमीन कोरडीसारखी जास्त. त्यामुळे सेन्सरला घोटाळ्यात पाडणारा हाच गुण उपग्रहाला जमीन गोठल्याची तारीख सांगतो. मात्र ही माहिती वरच्या पाचेक सेंटिमीटरचीच असते, आणि ती ताडून पाहण्यासाठी पठारावर माचू, नाचू, न्गारी इथे पुरलेल्या सेन्सरांची जाळी लागतात. स्मॅपचा एक ठसा, म्हणजे एका नोंदीत येणारा जमिनीचा तुकडा, सुमारे ४० किलोमीटर रुंद असतो. तिबेटच्या पसरट पठारावर तो चालून जातो. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या आपल्या चिंचोळ्या पट्टीत त्यात अरबी समुद्राचे पाणी मिसळते आणि किनाऱ्यावरची नोंद बिघडते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला, इस्रो आणि नासा यांचा निसार उपग्रह रडारच्या साहाय्याने दर बारा दिवसांनी तीच जमीन कितीतरी बारीक तपशिलात पाहतो. पण रडारकडे परत येणाऱ्या लहरींत जमिनीचा खडबडीतपणा आणि झाडोरा यांचाही वाटा असतो, तो वेगळा काढण्यासाठी पुन्हा मातीत पुरलेला सेन्सरच विचारावा लागतो.