आटे बसले म्हणजे फिल्टर बसला का?

ऑईल फिल्टर घ्यायला स्पेअरच्या दुकानात गेलात की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "तुमच्या गाडीचा संपलाय, पण हा घेऊन जा, आटे सेम आहेत, आरामात बसतो." आणि खरंच बसतो, कारण कारच्या डबा-टाईप फिल्टरला मोजक्या मापांचेच आटे वापरतात. त्यातली दोन मापं फार कॉमन, एम 20 बाय 1.5 (म्हणजे 20 मिलीमीटर व्यास, दोन आट्यांत 1.5 मिलीमीटर अंतर) आणि पाऊण इंची. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलीमीटर, दोघांत मिलीमीटरभराचाही फरक नाही, त्यामुळे एम 20 चा डबा पाऊण इंची स्टडवर (इंजिनावरचा आट्यांचा दांडा) सैलसर चढतो, वाटतं घट्ट झाला, आणि ऑईलचं प्रेशर आलं की सुटू शकतो. पण हा झाला बाहेरून दिसणारा घोटाळा. खरी भानगड आत आहे.

एखादा जुना फिल्टर नीट निथळवून कापून बघा (हॅक्सॉने कापलात तर कीस आत पडतो, तो इंजिनाचा समजून घाबरू नका). वरच्या झाकणाला कडेने गोल भोकं दिसतील, तिथून ऑईल आत येतं. त्या भोकांच्या आतून एक रबरी पडदा असतो. मग घड्या घातलेला कागद, उलगडला तर साधारण मीटरभर भरतो, आणि ऑईल त्याच्या बाहेरून आत शिरून मधल्या भोकं पाडलेल्या नळीतून इंजिनकडे जातं. आणि तळाशी किंवा झाकणाजवळ एक छोटी स्प्रिंग आणि तिने दाबून धरलेली चकती. हाच बायपास व्हॉल्व्ह, आणि माझ्या मते अख्ख्या डब्यातली सगळ्यात हुशार वस्तू हीच.

आता ती कशाला लागते? 1856 मध्ये हेन्री दार्सी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने दिजों शहराच्या पाण्याच्या कामावर लिहिताना वाळूतून पाणी कसं झिरपतं त्याचा नियम मांडला. सच्छिद्र थरातून द्रव ढकलायला किती दाब लागेल? प्रवाह वाढला तर जास्त, थर जाड असला तर जास्त, छिद्रं बारीक असतील तर जास्त, क्षेत्रफळ मोठं असेल तर कमी (म्हणून तर कागदाला एवढ्या घड्या), आणि द्रव जितका चिकट तितका जास्त. आपला खेळ या शेवटच्या मुद्द्यावर आहे. 15डब्ल्यू-40 ऑईल घ्या. 100 अंशाला त्याची व्हिस्कॉसिटी, म्हणजे चिकटपणा, 14 सेंटिस्टोकच्या (हे त्याचं एकक) आसपास, आणि निफाडला जानेवारीत पहाटे 10 अंशाला तेच ऑईल 600 च्या वर जातं. म्हणजे चाळीसेक पट. हिशेबापुरतं धरा की गरम इंजिनात फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे दाबात 0.1 बारचा (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) फरक पडतो, तर तेवढाच प्रवाह थंडीत ढकलायला 4 बार लागतील. कागद कुठला टिकतोय, चुरगळेल नाहीतर फाटेल. तो टिकला तरी बेअरिंगना ऑईल पुरेसं पोचणार नाही, आणि बेअरिंगला काही सेकंद घाण ऑईल मिळालं तर चालतं, ऑईलच मिळालं नाही तर नाही चालत.

म्हणून ती स्प्रिंग. फरक ठरलेल्या आकड्याच्या वर गेला, गाडीगणिक साधारण अर्धा ते दीड बार, की चकती सरकते आणि ऑईल कागदाला वळसा घालून थेट इंजिनात जातं. इंजिन तापलं, ऑईल पातळ झालं, की चकती परत बसते. ना वायर ना सेन्सर, सगळा निर्णय एका स्प्रिंगचा.

आणि इथेच "आटे सेम आहेत" वालं गणित फसतं. स्प्रिंग गरजेपेक्षा नरम निघाली तर हायवेवर आरपीएम चढला की व्हॉल्व्ह उघडणार, ऑईल न गाळता फिरणार, आणि तुम्हाला कळणारही नाही कारण ऑईलची लाईट लागतच नाही. फार कडक निघाली तर कागदाचा बळी. अजून एक गंमत, काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह फिल्टरमध्ये नसतोच, ब्लॉकमध्ये असतो, जनरल मोटर्सची जुनी स्मॉल-ब्लॉक व्ही-8 इंजिनं तशीच होती. अशा इंजिनासाठी बनवलेला बिनव्हॉल्व्हचा डबा दुसऱ्या गाडीवर चढवला तर कागद चोकअप झाल्यावर ऑईलला पर्यायी रस्ताच नाही. बाहेरून दोन्ही डबे सारखेच, रंगसुद्धा.

तो रबरी पडदा पण गाडीप्रमाणे बघायचा. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर गाडी बंद असताना ऑईल परत खालच्या ऑईल चेंबरमध्ये उतरू नये म्हणून तो असतो. तो कडक झाला की सकाळी स्टार्ट केल्यावर क्षणभर खडखड ऐकू येते. साधं नायट्राईल रबर उष्णतेने लवकर कडक होतं, सिलिकॉन जास्त टिकतं.

आता कागदाबद्दल, कारण बॉक्सवर "99 टक्के" असं ठळक छापलेलं असतं. कशाचे 99 टक्के? किती मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) कणांचे? ते नसेल तर आकड्याला अर्थ नाही. कागदातली भोकं एकाच मापाची नसतात, तंतूंचा गुंता असतो, करवंदीच्या जाळीत टाकलेला चेंडू जसा कुठल्यातरी काट्याला अडकतो किंवा नाहीही अडकत तसं. म्हणून शक्यतेच्या भाषेत बोलावं लागतं. आयएसओ 4548-12 या टेस्टमध्ये धूळ मिसळलेलं ऑईल पुन्हापुन्हा फिरवून फिल्टरच्या आधी आणि नंतर कण मोजतात, त्यांचा भागाकार म्हणजे बीटा. 20 मायक्रॉनला बीटा 2 म्हणजे त्या मापाचे आणि त्याहून मोठे निम्मे कण अडले, बीटा 20 म्हणजे 95 टक्के, बीटा 75 म्हणजे 98.7. आणि बारीक गाळणारा म्हणून चांगला असं सरसकट नाही, त्याच क्षेत्रफळात छिद्रं बारीक केली की दार्सीसाहेब परत येतात, दाब वाढतो, व्हॉल्व्ह लवकर उघडतो.

ऑईल काळं झालं म्हणजे फिल्टर बोगस, हाही असाच समज. डिझेल गाडीत नवीन ऑईल लगेच काळं पडतं ते काजळीने, आणि काजळीचे बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात, फिल्टर त्यांना पकडायला बनवलेलाच नाही. ऑईलमधली केमिकल्स त्यांना तरंगत ठेवतात आणि ऑईल काढलं की ते निघून जातात.

डब्याला बाहेरून लावायचं लोहचुंबकही विकतात. लोखंडाचा कीस थोडाफार धरेल, पण ॲल्युमिनियम, काजळी आणि रस्त्यावरची धूळ यांच्यावर त्याचा काय उपयोग? मायलेज वाढतं वगैरे दावे तर बंपरला टांगलेल्या लिंबू-मिरचीच्याच लायकीचे, फक्त लिंबू पाच रुपयांना मिळतं.

तर दुकानात डबा नाही, नंबर जुळवा. मॅन्युअलमधला किंवा कंपनीच्या कॅटलॉगमधला पार्ट नंबर, तुमच्या इंजिनाचा, नुसत्या मॉडेलचा नाही, कारण एकाच मॉडेलच्या पेट्रोल-डिझेलला वेगळे फिल्टर असतात. दुसऱ्या नावाजलेल्या कंपनीचा घेतलात तरी चालतो, फक्त तिच्या कॅटलॉगमध्ये तुमचं इंजिन लिहिलेलं हवं. आणि ॲक्टिव्हावाल्यांनी शोधू नका, त्यात कागदी फिल्टर नसतोच, धुवून परत बसवायची जाळी असते.

बसवताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाहीये ना ते बोट फिरवून बघा, दोन रिंगा एकावर एक आल्या की प्रेशरने ऑईल बाहेर फेकलं जातं. नवीन रिंगला ऑईलचा हात लावा, रिंग टेकली की हातानेच साधारण पाऊण फेरा (डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर तसं), पाना लावायचा तो फक्त काढताना.