‘सकर्मक’चा गुंता : इंग्रजी क्रियापदांच्या प्रकारांमागचा इतिहास

‘ही वेंट टु पुणे’ या वाक्यात पुणे हे कर्म का नाही, हा प्रश्न मराठी शाळेतल्या वर्गात कुणीतरी विचारतेच. बहुतेक वेळा त्याला गप्प बसवले जाते. खरे तर प्रश्न रास्त आहे. मुलांना ‘सकर्मक’ हा जो शब्द पाठ करायला लावतो, त्याच शब्दाच्या इतिहासातून हा प्रश्न आला आहे.

इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण 1586 सालचे. तेव्हापासून दोन शतके नमुना लॅटिनचा होता. 1762 मध्ये लंडनला निघालेल्या एका छोटेखानी व्याकरणात क्रियापदांचे तीनच प्रकार दिले होते : अ‍ॅक्टिव्ह, पॅसिव्ह आणि न्यूटर (म्हणजे साधारणपणे आपले अकर्मक). अ‍ॅक्टिव्हलाच ट्रान्झिटिव्ह म्हणतात, कारण क्रिया कर्त्याकडून निघून दुसऱ्या वस्तूपर्यंत जाते, असा खुलासाही तिथे आहे. 1795 साली यॉर्कमध्ये छापलेल्या शालेय व्याकरणाने हीच मांडणी उचलली. त्याच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या आणि ते हिंदुस्थानातही पोचले. 1836 मध्ये मुंबईत निघालेल्या मराठी व्याकरणापुढे नमुना इंग्रजीचा होता, पण परिभाषा संस्कृतची. गुंता झाला तो इथे.

ट्रान्झिटिव्हसाठी ‘सकर्मक’ हा शब्द रूढ झाला. तो कोरा नव्हता. ‘अष्टाध्यायी’ या पाणिनीच्या संस्कृत व्याकरणात कर्त्याला क्रियेने जे सर्वांत अधिक मिळवायचे असते ते कर्म, म्हणजे व्याख्या अर्थावर उभी आहे. म्हणून ‘ग्रामं गच्छति’ (गावाला जातो) यामध्ये गाव हे कर्म आणि गम् धातू सकर्मक. इंग्रजीतले ‘गो’ मात्र अकर्मक, आणि आपल्या शालेय व्याकरणात ‘जाणे’ही अकर्मकच. वर्गातल्या त्या मुलाने संस्कृतच्या बाजूने विचार केला होता, एवढेच!

द्विकर्मकाचे तर याहून अवघड. संस्कृतात ‘गां दोग्धि पयः’ (गाईचे दूध काढतो) यामध्ये गाय आणि दूध ही दोन कर्मे, पण ज्याला द्यायचे तो कर्म नव्हे, संप्रदान. इंग्रजीत उलट ‘गिव्ह’ हेच दोन कर्मांचे ठरलेले उदाहरण. ‘आईने मुलाला लाडू दिला’ यातल्या मुलाला आपण अप्रत्यक्ष कर्म म्हणतो, तेव्हा शब्द संस्कृतचा असतो आणि कल्पना इंग्रजीची. ही निवड त्या काळी सोयीची होती हे मान्य, पण दोन व्याकरणांतला फरक तिने झाकून टाकला आणि त्याचा भार आजवर विद्यार्थी वाहतो आहे.

मराठीचा स्वभावही या गैरसमजाला खतपाणी घालतो. पेला फुटतो, पण आपण तो फोडतो. दोरी तुटते, पण आपण ती तोडतो. प्रकार बदलला की बहुधा क्रियापदाचे रूपच बदलते. इंग्रजीत ‘द ग्लास ब्रोक’ आणि ‘शी ब्रोक द ग्लास’ दोन्हीकडे ब्रोकच. तिथे सकर्मकपणा क्रियापदाच्या अंगी चिकटलेला नसतो, वाक्यातल्या वापरावरून ठरतो. ‘ब्रेक’ सकर्मक की अकर्मक, असा प्रश्न वाक्य न देता परीक्षेत विचारणे म्हणूनच चुकीचे आहे.

बाकीची नावे पुष्कळ अलीकडची. सिंग-सँग अशा आतला स्वर बदलणाऱ्या क्रियापदांना ‘स्ट्राँग’ म्हणण्याची रीत 1819 च्या एका जर्मन व्याकरणाने रुळवली. ‘कॅन’, ‘मे’, ‘शाल’ यांना ‘एस’ लागत नाही, कारण त्यांची वर्तमानकाळी रूपे मुळात फार जुनी भूतकाळी रूपे आहेत. मुलांना एवढे सांगितले तरी अपवादाची धास्ती कमी होते. ‘गिव्ह अप’सारख्या जोडक्रियापदांचे ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव पुस्तकात आले 1925 मध्ये. स्थिती आणि कृती यांतला भेद अ‍ॅरिस्टॉटलच्या काळापासूनचा असला, तरी 1957 च्या एका लेखाने त्याचे चार प्रकार पाडले आणि तो भाषाशास्त्रात पक्का झाला.

महाराष्ट्रात 2000 पासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी आले. आता मुले ‘हेल्पिंग व्हर्ब’ आणि ‘मोडल’ (‘कॅन’, ‘मे’सारखी क्रियापदे) हे शब्द इंग्रजीतूनच घेतात. सकर्मक-अकर्मक मात्र मराठीच्या तासाला शिकलेले असते आणि तीच व्याख्या घेऊन मूल इंग्रजीच्या तासाला बसते.

या गुंत्यातून वाट 1942 मध्येच सापडली होती. टोकियोत निघालेल्या, परभाषकांसाठीच्या एका इंग्रजी शब्दकोशाने क्रियापदांचे 25 वाक्यसाचे दिले आणि कोणते क्रियापद कोणत्या साच्यात बसते ते दाखवले. आजचे विद्यार्थी-कोशही ‘रन’च्या ‘धावणे’ या अर्थापुढे अकर्मकाची खूण देतात आणि ‘दुकान चालवणे’ या अर्थापुढे सकर्मकाची.