पेट्रोल आणि ऑइल यांची फारकत

‘तेव्हाचं लोखंडच वेगळं होतं हो!’ जुन्या गाड्यांचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. पाठोपाठ दुसरंही येतं: प्रदूषणाचे नियम आले आणि गाड्यांची वाट लागली. यातलं पहिलं वाक्य चूक आहे. दुसरं निम्मं चूक आहे, आणि त्या निम्म्या चुकीमागचं विज्ञान मला इतकं आवडतं की हा लेख खरं तर त्याच्यासाठीच लिहितो आहे.

लोखंडाचं आधी उरकू. १९६०-७० च्या दशकांतल्या गाड्यांचा पत्रा जाड होता, पण त्यावर बहुधा जस्ताचा थर नसायचा. मीठ टाकलेल्या ओल्या रस्त्यांवर तो काही वर्षांतच खालून सडू लागे. पूर्ण जस्तलेपित पत्र्याची ऑडी ८० आली ती १९८६ साली. इंजिनांचीही तीच गत. त्या काळच्या कित्येक गाड्यांच्या मीटरवर अंतराला पाचच आकडे असत. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य. त्यापुढे फार कुणी जाईल अशी अपेक्षाच नव्हती. तोवर पुष्कळ इंजिनं एकदा उघडून, सिलिंडर बोअर करून, नव्या रिंगा घालून झालेली असत.

मग ‘शेवटच्या टिकाऊ गाड्या’ म्हणून ज्यांचं नाव निघतं त्या रोजच्या वापरातल्या गाड्या कोणत्या? १९७४ ते १९९३ पर्यंत बनलेली व्होल्वो २४०, १९८४ मध्ये आलेली मर्सिडीजची डब्ल्यू-१२४, १९९० च्या दशकातली टोयोटा कोरोला आणि होंडा सिव्हिक. देश वेगळे, कारखाने वेगळे, पोलाद वेगळं. पण सुरुवातीची काही मॉडेलं आणि डिझेल इंजिनं बाजूला ठेवली तर या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुना साधा भाग) गेला होता आणि पेट्रोल अजून थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात नव्हतं. या दोन घटनांच्या मधली ती वर्षं.

याचा टिकाऊपणाशी संबंध काय, हे कळायला इंजिन ऑइल नेमकं काय करतं ते पाहावं लागेल.

१८८३ साली ब्रिटनमध्ये बोशॅम्प टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं. आस फिरू लागल्यावर तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून बाहेर यायला लागलं. त्याने भोकात लाकडी खुंटी ठोकली, तर तेलाने ती हळूहळू बाहेर ढकलली. दाबमापक लावला तेव्हा तेलाचा दाब बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीच्या पुढे गेलेला दिसला. म्हणजे आस धातूवर टेकलेलीच नव्हती, ती तेलावर तरंगत होती! १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. फिरणारा दंड तेलाला आपल्याबरोबर निमुळत्या फटीत ओढून नेतो. तिथे जागा कमी पडते, दाब वाढतो आणि तो दाब दंडाला उचलून धरतो. भर पावसात वेगात असलेली गाडी पाण्याच्या थरावर चढून घसरते, तेही याच तत्त्वाने. रस्त्यावर जीव घेणारी गोष्ट इंजिनात जीव वाचवते.

ऑइल पंपाच्या जोरावर क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा इंजिनाचा मुख्य दंड) तरंगतो असा समज आहे. पंप फक्त तेल पोचवतो. उचलण्याचा दाब दंड स्वतःच फिरून निर्माण करतो, आणि तो पंपाच्या दाबाच्या कित्येक पट असतो. हा थर फक्त काही मायक्रॉनचा असतो, तर आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा. थर शाबूत असेल तोवर धातूला धातू लागत नाही आणि झीज जवळजवळ शून्य असते. तेव्हा लोखंड कसलं आहे हा प्रश्न मागे पडतो.

आता थोडं किचकट. थराची जाडी तेलाची श्यानता (म्हणजे दाटपणा) गुणिले वेग भागिले भार या राशीवर अवलंबून असते. १९०२ मध्ये रिचर्ड श्ट्रीबेकने या राशीप्रमाणे घर्षण कसं बदलतं ते मोजलं. राशी मोठी असते तेव्हा दंड तरंगतो. ती घटत जाते तसं घर्षण आधी कमी होतं, पण एका मर्यादेखाली पृष्ठभागांची सूक्ष्म शिखरं एकमेकांना लागतात आणि घर्षण उसळी मारतं. क्रँकशाफ्ट सतत फिरतो, त्यामुळे तो बहुतेक वेळ सुरक्षित असतो. पिस्टनभोवती बसवलेल्या, सिलिंडरच्या भिंतीला घासत वर-खाली जाणाऱ्या रिंगांचं तसं नाही. पिस्टन वर जाऊन परत फिरतो त्या क्षणी वेग शून्य होतो, म्हणजे राशीही शून्य. तिथे रिंगेला वाचवायला मागे राहिलेलं तेल आणि त्यातली रसायनं एवढंच असतं. म्हणून जुनं इंजिन उघडलं की सिलिंडरच्या वरच्या टोकाशी नखाला एक पायरी लागते. तिच्या खालचं लोखंड झिजून गेलेलं असतं.

आणि नेमक्या याच भिंतीवर कार्ब्युरेटर पेट्रोल ओतायचा. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. गाडी सुरू व्हावी म्हणून चोक ओढायचा, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त. न जळलेलं पेट्रोल भिंतीवरचं तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरायचं आणि तेही पातळ करायचं. श्यानता कमी, राशी कमी, थर पातळ. गार इंजिन सुरू करून जेमतेम दोन-तीन किलोमीटर जाणं म्हणूनच वाईट.

सुटका केली ती प्रदूषणाच्या नियमांनी. अमेरिकेत १९७० साली स्वच्छ हवेचा कायदा कडक झाला. विषारी वायू मोडणारा त्रिमार्गी उत्प्रेरक तेव्हाच काम करतो जेव्हा एक भाग पेट्रोलला वजनाने जवळपास १४.७ भाग हवा मिळते. एवढी काटेकोर मोजणी साध्या कार्ब्युरेटरच्या आवाक्यात नव्हती, म्हणून त्याची जागा व्हॉल्व्हच्या मागे पेट्रोल मोजून फवारणाऱ्या यंत्रणेने घेतली. १९७६ मध्ये व्होल्वोने धुराच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा संवेदक बसवला. तो ‘पेट्रोल जास्त झालं, कमी कर’ असं सतत सांगू लागला. इंजिन गार असताना जास्तीचं पेट्रोल तेव्हाही लागतं, पण आता ते मोजून, तापमान पाहून दिलं जातं. उत्प्रेरकाला शिसं चालत नाही, म्हणून पेट्रोलमधलं शिसंही गेलं. त्याच्यासोबत शिसं वाहून नेण्यासाठी घातलेली हॅलोजन संयुगं गेली, आणि त्यांच्यापासून बनून प्लग व सायलेन्सर खाणारी आम्लंही. शहराची हवा सुधारावी म्हणून केलेल्या नियमाने इंजिनाच्या रिंगा वाचवल्या, याचं मला आजही नवल वाटतं.

याला छेद देणारं उदाहरण म्हणून कुणी अर्व गॉर्डनचं नाव घेईल. या अमेरिकी विज्ञानशिक्षकाने १९६६ साली घेतलेल्या व्होल्वो पी१८०० मधून ३० लाख मैलांहून जास्त, म्हणजे जवळजवळ ५० लाख किलोमीटर प्रवास केला. गाडीला दोन कार्ब्युरेटर होते. पण तो लांबच लांब अंतरं जायचा, त्यामुळे इंजिन बहुतेक वेळ तापलेलंच असायचं. दर हजार किलोमीटरला त्याचं इंजिन किती वेळा गार अवस्थेत सुरू झालं असेल याचा विचार केला, तर हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

पुढे १९९६ मध्ये मित्सुबिशीने थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं इंजिन मोठ्या प्रमाणावर बाजारात आणलं. इंधन वाचावं म्हणून पुढे बहुतेकांनी तोच मार्ग धरला, जोडीला टर्बोही आला. पेट्रोल पुन्हा भिंतीच्या जवळ आलं आणि ऑइल पातळ होण्याची तक्रारही परतली. शिवाय व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला धुणारं पेट्रोल उरलं नाही, तिथे काजळी साचू लागली. नियमांवरच्या रागात तथ्य आहे ते एवढ्यापुरतं.

पेट्रोलच्या नळीला लोहचुंबक बांधल्याने रेणू ‘सरळ रांगेत’ येतात आणि इंजिनाचं आयुष्य वाढतं, असं सांगून विकणारे अजूनही आहेत. हे थोतांड आहे. पेट्रोलच्या रेणूंवर त्या चुंबकाचा दखल घेण्याजोगा परिणाम होत नाही. तेच पैसे वेळेवर ऑइल बदलायला घाला.

पण त्या गाड्यांना मखरात बसवायचंही कारण नाही. १९९० च्या दशकातल्या काही डब्ल्यू-१२४ मध्ये इंजिनाच्या वायरींचं आवरण उष्णतेने चुरा होऊन गळायचं. आणि आज रस्त्यावर दिसतात त्या वाचलेल्या. भंगारात गेलेल्या कुणाच्या आठवणीत राहत नाहीत. ‘शेवटच्या’ हा शब्दही जपून वापरावा. अमेरिकेतल्या गाड्यांचं सरासरी वय आता १२ वर्षांच्या पुढे गेलं आहे, आणि २००५ पासून टोयोटाने काही इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन फवारे दिले: एक थेट आत, दुसरा जुन्यासारखा व्हॉल्व्हच्या मागे. म्हणजे काजळीवर जुन्याच युक्तीचा उतारा.

जुनी किंवा नवी, कुठलीही पेट्रोल गाडी घेताना ऑइलची पट्टी ओढून आधी तिचा वास घ्या. पेट्रोलचा भपकारा आला आणि पातळी खुणेच्या वर दिसली, तर त्या सिलिंडरच्या टोकाची पायरी किती खोल गेली असेल हे इंजिन न उघडता कळणार नाही.