न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर : कोविड-१९ मधील उपयोग

रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या संख्येला लिम्फोसाइट पेशींच्या संख्येने भागून येणारा आकडा. कोविड-१९ च्या साथीत आजार कितपत बळावेल याचा अंदाज बांधण्यासाठी सीआरपी, डी-डायमर, एलडीएच, फेरिटिन व इंटरल्यूकिन-६ या रक्तचाचण्यांच्या जोडीने तो वापरला गेला. त्यासाठी वेगळी तपासणी लागत नाही. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीच्या, रिपोर्टमधल्या दोन टक्केवाऱ्या पुरतात. न्यूट्रोफिल ८२% आणि लिम्फोसाइट १२% असतील, तर गुणोत्तर ६.८ येते.

उगम : या गुणोत्तराचे श्रेय बहुतेक लेखक ब्रातिस्लाव्हा (स्लोव्हाकिया) येथील डॉक्टर झाहोरेत्स यांना देतात. अतिदक्षता विभागातील कर्करुग्णांच्या निरीक्षणावरून त्यांनी २००१ मध्ये ते शरीरावरील ताण व दाह यांचे सोपे मोजमाप म्हणून मांडले. मात्र त्याआधी, १९९५ मध्ये, गुडमन व सहकाऱ्यांनी अपेंडिक्सच्या दाहाच्या निदानासाठी हेच गुणोत्तर वापरल्याचे प्रसिद्ध आहे. त्यामुळे झाहोरेत्स यांना ‘जनक’ म्हणणे काटेकोरपणे बरोबर नाही. आजाराची तीव्रता मोजण्याचा वापर त्यांनी रूढ केला, एवढे म्हणणे अधिक सुरक्षित. मूळ कल्पना याहून जुनी असावी. जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ एर्लिख यांनी १८७९ च्या सुमारास पेशी रंगवण्याची पद्धत आणल्यावर पांढऱ्या पेशींची प्रकारवार मोजणी शक्य झाली, आणि ‘पॉलिमॉर्फ (म्हणजे न्यूट्रोफिल) वाढले, लिम्फोसाइट घटले’ हे वाचन डॉक्टरांच्या अंगवळणी पडले. भागाकार तेवढा पुढे आला.

कार्यकारण : गंभीर आजारात कॉर्टिसॉल व ॲड्रेनालिन ही ताणाची संप्रेरके वाढतात. रक्तवाहिन्यांच्या कडेला चिकटलेले न्यूट्रोफिल त्यामुळे प्रवाहात उतरतात, तर लिम्फोसाइट रक्तातून ऊतींकडे वळतात किंवा नष्ट होतात. अंश वाढतो, छेद घटतो. कोविडमध्ये लिम्फोसाइट घटण्यामागे विषाणूचा वाटा किती आणि या सर्वसाधारण ताणाचा किती, यावर मतभेद आहेत. दोन्ही कारणे एकत्र काम करतात हे मत अधिक पटण्याजोगे आहे. काही झाले तरी हा आकडा विषाणूची ओळख सांगत नाही. जिवाणुसंसर्ग, शस्त्रक्रिया किंवा मोठी इजा यांतही तो चढतो.

पुरावा : बीजिंगमधील एका रुग्णालयातील ६१ रुग्णांच्या अभ्यासात (२०२०) वय ५० वा अधिक आणि गुणोत्तर ३.१३ वा अधिक असलेल्यांपैकी निम्म्यांचा आजार गंभीर झाला. दुसऱ्या एका चिनी अभ्यासात ही मर्यादा ३.३ निघाली. दोन्ही आकडे पुढे बरेच उद्धृत झाले. पण २०१७ मध्ये बेल्जियममधील निरोगी प्रौढांत या गुणोत्तराची नेहमीची कक्षा ०.७८ ते ३.५३ आढळली होती. म्हणजे ‘धोक्याची’ रेषा निरोगी माणसांच्या कक्षेतच पडते. लहान नमुन्यातून मर्यादा काढली आणि त्याच नमुन्यावर तपासली की असे होते.

अनेक चाचण्यांची मिळून केलेली, भाकीत करणारी प्रारूपेही (मॉडेल) या दोषातून सुटली नाहीत. वुहानच्या तोंगजी रुग्णालयातील ४८५ रुग्णांच्या नोंदींवरून एलडीएच, लिम्फोसाइट व सीआरपी या तिघांवर बेतलेले प्रारूप मे २०२० मध्ये आले. मृत्यूचे भाकीत दहा दिवस आधी, ९०% हून अधिक अचूकतेने करता येते, असा त्याचा दावा होता. नेदरलँड्स, फ्रान्स व न्यूयॉर्क येथील रुग्णांवर ते लावले, तेव्हा तो टिकला नाही. त्यामानाने ब्रिटनमध्ये फार मोठ्या नोंदींवरून तयार झालेला, मृत्यूचा धोका सांगणारा ‘फोर-सी’ गुणांक बाहेरच्या तपासणीत बरा ठरला. त्यात वय, लिंग, सहव्याधी, श्वसनाचा वेग, ऑक्सिजनची पातळी व शुद्धीची अवस्था यांच्याबरोबर रक्ताच्या फक्त दोन चाचण्या आहेत : युरिया आणि सीआरपी. प्रस्तुत गुणोत्तराला त्यात जागा नाही.

उणिवा : जून २०२० नंतर ऑक्सिजनवरील रुग्णांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड देणे रूढ झाले. स्टेरॉईडने न्यूट्रोफिल वाढतात व लिम्फोसाइट घटतात, त्यामुळे औषध सुरू झाल्यानंतरचे गुणोत्तर आजाराचे की औषधाचे, हे सांगणे कठीण होते. साथीच्या आरंभीच्या अभ्यासांतील मर्यादा नंतरच्या रुग्णांना लावताना ही गोष्ट अनेकदा नजरेआड झाली. मोजणीची पद्धतही महत्त्वाची. काचपट्टीवर हाताने १०० पेशी मोजून लिम्फोसाइट १०% आढळल्या, तर केवळ योगायोगाच्या फरकाने खरा आकडा ४ ते १८% यांपैकी कुठेही असू शकतो. छेद लहान असल्याने गुणोत्तर त्यामुळे फार हलते. यंत्र हजारो पेशी मोजते, तिथे ही अडचण कमी.

भारतात : २०२१ च्या दुसऱ्या लाटेत सौम्य लक्षणांच्या रुग्णांनीही सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन यांचे एकत्रित ‘पॅकेज’ करून घेण्याची लाट आली होती. दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक रणदीप गुलेरिया यांनी मे २०२१ मध्ये सौम्य आजारात अशा चाचण्यांची गरज नसल्याचे जाहीरपणे सांगितले. अशा चाचण्यांमुळे अनावश्यक भीती पसरते, असा त्यांचा मुद्दा होता. सीबीसी मात्र लहान गावातल्या लॅबमध्येही होते, आणि या गुणोत्तराचे खरे बलस्थान तेच.

बालकांत : सुमारे चार-पाच वर्षांपर्यंत मुलांच्या रक्तात लिम्फोसाइट हेच बहुसंख्य असतात. त्यामुळे प्रौढांवरून काढलेली कोणतीही मर्यादा त्यांना लागू पडत नाही.