एनएसई चाचणी (कार्डियाक अरेस्टनंतरची)

हृदय अचानक बंद पडले (कार्डियाक अरेस्ट), छाती दाबून म्हणजे सीपीआरने ते पुन्हा सुरू झाले, पण रुग्ण शुद्धीवर येत नाही, अशा वेळी मेंदूला किती इजा झाली याचा अंदाज घेण्यासाठी केली जाणारी रक्तचाचणी. पूर्ण नाव न्यूरॉन-स्पेसिफिक इनोलेज. हे एन्झाइम मुख्यतः चेतापेशींत असते. प्राणवायूविना त्या मेल्या की ते रक्तात उतरते.

रक्तातली त्याची पातळी निम्मी व्हायला साधारण एक दिवस लागतो. म्हणून पहिल्या दिवसाच्या आकड्याला फारसे वजन नाही. ४८ आणि ७२ तासांचे नमुने पाहतात, आणि पातळी उतरते आहे की चढते आहे हेही. २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार लिटरमागे ६० मायक्रोग्रॅमच्या वरची पातळी वाईट लक्षण. पूर्वी ही रेषा ३३ वर होती. मात्र ती ओलांडूनही काही रुग्ण बरे झाले.

चाचणीची खरी मेख नळीत आहे. तांबड्या पेशींतही हे एन्झाइम असते. नमुन्यात त्या फुटल्या (लॅबच्या भाषेत 'सॅम्पल हिमोलाइज झालं') तर मेंदू शाबूत असूनही आकडा फुगतो. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आयसीयूतली नळी तपासणीसाठी नवी मुंबईत तुर्भ्याच्या एमआयडीसीत पाठवायची असेल, तर आधी सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) सीरम, म्हणजे रक्तातला पेशीविरहित द्रव, वेगळे केलेले बरे. तशीच निघालेली नळी वाटेत माजिवड्याच्या वाहतूक कोंडीत अडकली, तर रिपोर्टवर विसंबणे कठीण. एक्मो (हृदय-फुप्फुसांचे काम शरीराबाहेरून करणारे) यंत्रावरच्या रुग्णाच्या तर शरीरातच पेशी फुटत असतात. काही गाठींतही, विशेषतः फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगात, पातळी चढलेली असते.

'शुद्धीवर येईल ना?' या नातेवाइकांच्या प्रश्नाला एकटी एनएसई उत्तर देऊ शकत नाही. तिच्या जोडीला बुबुळांची प्रकाशाला प्रतिक्रिया, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद), मेंदूचा सीटी किंवा एमआरआय, मनगटाच्या नसेला विद्युत झटका देऊन मेंदूचा प्रतिसाद नोंदवणारी चाचणी हे पाहतात. किमान दोन वाईट खुणा जुळल्याशिवाय, आणि झोपेच्या औषधांचा अंमल उतरल्याशिवाय, निष्कर्ष काढत नाहीत. हा सावधपणा अनाठायी नाही: वाईट आकडा पाहून उपचार थांबवले, तर रुग्ण दगावतो आणि आकडा खरा ठरल्यासारखा दिसतो.

एस-१००बी हा मेंदूच्या इजेचा रक्तातला दुसरा दर्शक चरबीतूनही येतो, त्यामुळे छाती दाबतानाच्या इजेनेही वाढू शकतो. न्यूरोफिलामेंट लाइट चेन हे चेतातंतूंतले प्रथिन अभ्यासांत एनएसईपेक्षा अचूक ठरले आहे. तांबड्या पेशी फुटल्याने ते एनएसईसारखे फुगत नाही.