मिक्सिन आणि ट्रेट

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये एकाच वंशावळीत न बसणाऱ्या क्लासना (ऑब्जेक्ट बनवण्याच्या साच्यांना) एकच मेथड (क्लासमध्ये लिहिलेली क्रिया) वापरू देण्याच्या या दोन पद्धती. इनहेरिटन्स म्हणजे पालक क्लासच्या मेथड आणि डेटा वारशाने मिळणे. एकेरी इनहेरिटन्समध्ये क्लासला पालक एकच. त्यामुळे 'बीजक' आणि 'छायाचित्र' या दोन्ही क्लासना फाइल जतन करणारी मेथड हवी असेल, तर ती दोनदा लिहावी लागते किंवा वरच्या सामाईक क्लासमध्ये टाकावी लागते. मग तो क्लास हळूहळू अडगळीची खोली होतो. सी++ने अनेक पालकांची मुभा दिली खरी, पण त्या पालकांचा पूर्वज एकच असला तर त्याचा डेटा एकदा घ्यायचा की दोनदा, हा 'डायमंड' पेच सोबत आला.

मिक्सिनची कल्पना एमआयटीतील लिस्प मशीनच्या (लिस्प भाषेसाठी बनवलेल्या संगणकाच्या) फ्लेवर्स प्रणालीतून पुढे आली. मिक्सिनचे स्वतंत्र ऑब्जेक्ट सहसा बनवत नाहीत. ते दुसऱ्या क्लासमध्ये मिसळण्यासाठीच लिहिलेले असते. रुबी भाषेतले 'कम्पेअरेबल' हे याचे सर्वांत देखणे उदाहरण. क्लासने तुलनेचा एकच स्पेसशिप ऑपरेटर (<=> हे चिन्ह) लिहायचा. लहान, मोठा, समान, दोहोंच्या दरम्यान, या सगळ्या तपासण्या आयत्या मिळतात.

खरी कसोटी लागते ती दोन ठिकाणांहून एकाच नावाची मेथड आली की. रुबीत मिक्सिन मॉड्यूल म्हणून लिहितात, आणि नंतर 'इन्क्लूड' केलेले, म्हणजे मिसळलेले, मॉड्यूल आधी तपासले जाते. पायथन 2.3 पासून सी3 अल्गोरिदमने सर्व पूर्वजांचा एकच क्रम लावते; वरच्या क्लासची मेथड बोलावणारे 'सुपर' त्या क्रमातल्या पुढच्या क्लासकडे जाते, आणि तो थेट पालक असेलच असे नाही. क्रम बदलला की वर्तन मुकाट्याने बदलते. असा दोष शोधणे जिकिरीचे.

नाथानेल शेर्ली, स्टेफान डुकास, ऑस्कर निअरस्ट्राझ आणि अँड्र्यू ब्लॅक यांनी 2003 मध्ये मांडलेल्या ट्रेटमध्ये, म्हणजे क्लासमध्ये घालायच्या मेथडच्या संचात, क्रमाला महत्त्वच नाही: नावे जुळली, तर निवाडा ट्रेट वापरणाऱ्या क्लासने करायचा. मूळ मांडणीत ट्रेटला स्वतःचा डेटाही नव्हता. पीएचपी 5.4 (2012) ने निवाड्याची अट ठेवली, डेटाची बंदी मात्र उठवली. स्कालातले ट्रेट नावापुरतेच ट्रेट. तिथे पुन्हा क्रमच ठरवतो. जावा 8 (2014) मधल्या इंटरफेसच्या (क्लासने कोणत्या मेथड द्याव्यात हे सांगणाऱ्या यादीच्या) डिफॉल्ट, म्हणजे आधीच लिहून दिलेल्या, मेथड मूळ कल्पनेच्या बऱ्याच जवळ जातात.

गो भाषेत इनहेरिटन्स नाहीच. एक स्ट्रक्ट (एकत्र बांधलेला डेटा) दुसऱ्यात बसवला की आतल्याच्या मेथड बाहेरच्यालाही लागू होतात. मात्र त्या मेथडला आपण कोणात बसलो आहोत हे दिसत नाही.