इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळायची आहेत? नोंदणी, कागदपत्रं आणि नियम

पैसे घेऊन स्वतःच्या घरी दुसऱ्यांची मुलं सांभाळता, मूल 8 वर्षांच्या आतलं आहे आणि दिवसाला 2 तासांहून जास्त वेळ तुमच्याकडे असतं, तर चाइल्डमाइंडर म्हणून ऑफस्टेडकडे (शाळा आणि बालसंगोपनावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) किंवा मान्यताप्राप्त एजन्सीकडे नोंदणी सक्तीची आहे. ‘ओळखीतल्यांचीच मुलं आहेत’ ही सबब चालत नाही; नोंदणीविना काम केल्यास दंड, तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतं. आजी, मावशी, काका यांना नात्यातलं मूल सांभाळायला नोंदणी लागत नाही. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत.

इथल्या आपल्या लोकांचे अर्ज बहुधा एकाच गोष्टीवर अडू शकतात. डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी, फक्त अर्जदाराची होत नाही. घरात राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या, 16 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाची होते: नवरा, सासूबाई, कॉलेजात जाणारा मुलगा, वरच्या खोलीतला भाडेकरूसुद्धा. पुढे घरात कुणी नवं राहायला आलं तर तेही कळवावं लागतं. मला हा नियम अगदी रास्त वाटतो, कारण मूल त्या सगळ्या घराच्या भरवशावर सोडलेलं असतं. गेल्या 5 वर्षांत भारतात राहिला असाल तर तिथला चांगल्या वर्तणुकीचा दाखलाही मागतात. हा दाखला म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट; त्याला वेळ लागतो, म्हणून त्याची सुरुवात सगळ्यात आधी करा.

याशिवाय लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा 12 तासांचा कोर्स (दर 3 वर्षांनी पुन्हा), बालसंगोपनाचं प्रशिक्षण, तब्येतीची माहिती, तुम्हाला ओळखणाऱ्या दोघांचे संदर्भ आणि पब्लिक लायबिलिटी विमा (तुमच्या कामामुळे कुणाला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाईसाठी) लागतो. अर्ज ऑनलाइन भरायचा. निर्णयाला 12 आठवडे लागू शकतात. मधल्या काळात अधिकारी घरी येऊन जागा पाहतात आणि मुलावर अत्याचार होत असल्याची शंका आली तर तुम्ही काय कराल, हे विचारतात. पाठ केलेलं उत्तर उपयोगाचं नाही. स्थानिक कौन्सिलच्या बालसुरक्षा विभागाला कसं कळवायचं ते खरंच माहीत हवं.

एका वेळी 8 वर्षांखालची जास्तीत जास्त 6 मुलं ठेवता येतात. त्यांत साधारण 5 वर्षांपर्यंतची 3, आणि वर्षाच्या आतलं सहसा एकच. तुमची स्वतःची मुलंही यात धरली जातात. मुलाला मारणं सोडाच, माराची धमकी देणंही नियमाविरुद्ध आहे. मुलं जेवत असताना ती नजरेसमोर आणि ऐकू येतील इतकी जवळ हवीत.

पालकांनो, मूल सोडण्याआधी नोंदणीचं प्रमाणपत्र पाहायला मागा. टॅक्स-फ्री चाइल्डकेअरची, म्हणजे मूल सांभाळण्याच्या खर्चावर मिळणारी सरकारी सवलतही नोंदणी असेल तरच मिळते.